खांदेरीच्या पाण्यावरची पहिली रात्र

साल १९३८, महिना ऑक्टोबर. कोजागरी होऊन दोन रात्री उलटल्या आहेत. अलिबागच्या उत्तरेला, थळच्या किनाऱ्यावर, तुम्ही मांडीभर पाण्यात उभे आहात आणि दोन्ही हातांनी मचव्याची कड धरून ठेवली आहे. तुमचं वय सोळा. समोर उंदेरीचा काळा आकार, त्याच्या पलीकडे खांदेरी, आणि खांदेरीच्या माथ्यावर १८६७ सालापासून जळणारा दीपगृहाचा दिवा. चंद्र डोक्यावर यायला अजून तास-दीड तास आहे. आतून मामाचा आवाज येतो, "चढ पोरा. पाय धुऊन चढ." मामा या मचव्याचा तांडेल. पायाची वाळू मचव्यात गेली की जाळ्यात जाते आणि जाळं कुरतडते. म्हणून आधी एक पाय पाण्यात खळबळून आत घ्यायचा, मग दुसरा.

मासेमारी पहाटे सुरू होते अशी तुमची समजूत होती. काल संध्याकाळी तुम्ही वेळ विचारलीत, तेव्हा मामाने आधी तिथी विचारली. वद्य द्वितीया. मग बोटांची पेरं मोजली. "दोनाची पाऊनपट दीड. दीडला पानी भरंल. बाराला निघू."

हा हिशेब नीट शिकून घ्या. आजच्या रात्रीतून तुमच्या हाती जे काही लागणार आहे, त्यातली ही सगळ्यात मोलाची गोष्ट. तिथीला पाऊणने गुणलं की मुंबई-अलिबागच्या किनाऱ्यावर पूर्ण भरतीची साधारण वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. दुपारी तीनला भरती असेल तर रात्रीही तीनच्या सुमाराला असणार, आणि दोन्हींच्या मध्ये सव्वासहा तासांनी ओहोटी. भरतीची वेळ रोज पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते, म्हणून ही पाऊणपट. पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास उधाण असतं. पाणी उंच चढतं, लांब उतरतं आणि जोरात धावतं. अष्टमीच्या सुमारास भांग, पाणी मंद. मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८ पासून एक यंत्र पाण्याची उंची नोंदवत आलं आहे. मामाला त्याची खबरही नाही, तरी त्याच्या पेरांत आणि त्या यंत्रात फारसं अंतर पडत नाही. शिवाय आकाशात खूण आहेच: या किनाऱ्यावर चंद्र डोक्यावर आला की भरती पुरी होते आणि तो मावळतीला टेकला की पाणी तळाला जातं. मात्र हा हिशेब खंबायतच्या आखातात चालायचा नाही, तिथे पाणी उशिरा भरतं. दुसऱ्या किनाऱ्यावर गेलात की तिथल्या माणसाकडून तिथला हिशेब पुन्हा मागून घ्यायचा.

किनारा सुटतो. वल्ही आत येतात, शीड चढतं आणि पाठीला गार वारा लागतो. हा मतलई. रात्री जमीन लवकर निवते, दर्या ऊब धरून राहतो, म्हणून वारा जमिनीकडून पाण्याकडे वाहतो; दुपारी तोच उलटतो आणि खारा वारा होऊन घराकडे ढकलतो. मामाच्या मचव्याला अजून इंजिन माहीत नाही. वारा आणि पाणी या दोघांच्या वेळा जुळतील तेव्हाच त्याला घर सोडता येतं. तुम्ही वारा किती जोरात आहे ते बघता. मामा तो कुठून आहे ते बघतो. मतलईच्या घटकेला वारा दक्षिणेकडून फिरला, तिकडच्या क्षितिजावर काळं साचलं, तर तो जाळं न टाकता मागे वळतो, आणि मचव्यातला एकही खलाशी त्याला कारण विचारत नाही. रिकाम्या हाताने परतलेल्या तांडेलाला थळमध्ये कुणी हसत नाही, हे इथे येण्याआधी तुम्हाला खरं वाटलं नसतं.

उंदेरी मागे पडते आणि तुम्हाला बोट लागते. तोंडाला पाणी सुटतं, कपाळ थंड पडतं. तुम्ही मान खाली घालून मचव्याच्या तळाकडे बघत बसला आहात, आणि तिथे साचलेल्या पाण्याला लाकडाला चोपडलेल्या माशाच्या तेलाचा वास आहे. "खाली नको बघू, दिव्याकडं बघ," मामा म्हणतो. खांदेरीचा दिवा हलत नाही. थोड्या वेळाने पोटही जरा थांबतं. कुणीतरी भाकरीचा कोरडा तुकडा हातात देतो. लांबच्या स्थिर वस्तूवर नजर, उघड्या हवेत मचव्याच्या मधोमध बैठक आणि पोटात थोडं कोरडं अन्न, यापलीकडचा उपाय मामाकडे नाही. तो पुरतो.

जाळं बांधायचे खुंट जवळ येतात. जवळ म्हणजे कुठे? चारी बाजूंना सारखंच पाणी आहे. मामा मात्र सुकाण्यावर बसून किनाऱ्याकडे बघतो आहे. चांदण्यात कनकेश्वराचा डोंगर पुसट दिसतो. दीपगृह त्या डोंगराच्या बरोबर पुढ्यात आलं की एक रेघ मिळाली. दक्षिणेकडे कुलाब्याचा किल्ला आणि त्यामागचा डोंगर एकमेकांवर आले की दुसरी. दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे आपला खुंट. नवखा माणूस समुद्राकडे बघत जागा शोधतो, आणि समुद्रावर काहीच लिहिलेलं नसतं. जागा जमिनीवर बघून सापडते. मामा कुठल्या डोंगराकडे बघतो, हे न विचारता हेरून ठेवा. या जोड्या कुणी मोठ्याने सांगत नाही. कुठला खुंट कुठल्या घराचा हे मात्र सगळ्या गावाला ठाऊक आहे आणि दुसऱ्याच्या खुंटाला कुणी हात लावत नाही.

पाणी थांबलं आहे. भरती संपून ओहोटी लागण्याआधीची ही थोडी घटका, आणि तेवढ्यातच डोल बांधून व्हायला हवी. डोल म्हणजे सुताचं लांबलचक नरसाळं: तोंड प्रचंड, पुढे पुढे आस, म्हणजे जाळ्याची भोकं, बारीक होत गेलेले, आणि शेपटीला खोळा, त्यात मासा साचतो. तोंडाचे कोपरे खुंटांना बांधायचे, तोंड पाण्याच्या वाहाकडे करायचं, बाकी काम दर्या करतो. डोल माशाच्या मागे जात नाही. धावतं पाणीच मासा आत आणतं. म्हणून भांगाच्या दिवसांत ती घरी येते, वाळते, शिवली जाते, सालीच्या काढ्यात बुडवून पक्की होते, आणि उधाण लागलं की पुन्हा दर्यावर जाते.

दोर सुटतात. तेवढ्यात कुणीतरी तुमच्या छातीवर हात मारून तुम्हाला मागे ढकलतं. तुम्ही चिडून बघता. तुमचा पाय दोराच्या वेटोळ्यात होता. ढकलणाऱ्या खलाशाने डावा हात चांदण्यात धरला. त्याला दोन बोटं कमी आहेत. तो एक शब्द बोलत नाही आणि तुम्हाला शब्दाची गरजही उरत नाही. दोर सुटत असताना पाय कुठे आहे, हात कुठे आहे, गळ्यात काय लोंबतं आहे, हे बघायची सवय तुम्हाला या क्षणी लागली. मचव्यावरचे सगळे नियम असेच आले आहेत: प्रत्येकाच्या मागे कुणाचा तरी हात आहे, कुणाचा तरी भाऊ.

ओहोटी लागते. आता सहा तास थांबायचं. खलाशी आडवे होतात. तुम्हाला झोप नाही. मामा तुमच्या हातात गरी देतो: सुताची दोरी, शिशाचा गोळा, गळ, आणि आमिषाला म्हाकुळाचा पांढरा तुकडा. गरवायला शिका म्हणजे रात्र सरेल. तुम्ही दोरी सोडता. ती सुटतच राहते. शिसं तळाला लागल्याचं कळत नाही, कारण उधाणाचं पाणी त्याला खाली जाऊ न देता तिरकं ओढून नेतं आहे. तुम्ही दोरी हाताभोवती गुंडाळून घेता, घट्ट धरता यावी म्हणून. मामा झोपेतूनच उठल्यासारखा पुढे होतो आणि वेढे सोडवतो. "मोठा मासा लागला तर हात जाईल. दोरी बोटावरनं सोडायची, आवळायची नाय." तासभर तुम्ही सोडता, ओढता. दोनदा आमिष गायब. एकदा गळ कशात तरी अडकून तुटतो. बोटांची सालपटं निघतात आणि खाऱ्या पाण्याने झोंबतात.

पाणी मंदावेल तेव्हा पुन्हा टाक, एवढं सांगून मामा परत आडवा झाला आहे. नवशिक्याची सगळी उमेद चुकीच्या वेळी खर्च होते. धावत्या पाण्यात दिवसभर दोरी टाकणाऱ्यापेक्षा पाणी वळायच्या आसपास टाकणारा जास्त मासा घरी नेतो. पूर्वेला तांबडं फुटतं, चंद्र पश्चिमेला कलतो, दोरी हळूहळू सरळ होते. शिसं तळाला टेकल्याचा बारीक ठोका आता बोटाला कळतो. तळापासून हातभर वर उचलून धरा. ठुणका लागला की ओढू नका. तो चाखतो आहे. दुसऱ्यांदा दोरी चालू लागली की मग ओढा. हाताला जड लागतं, धडधडतं, आणि वर येते ती तांबूस, रुंद पाठीची तांबोशी. मामा उठून बसतो, बघतो, आणि तुमच्या पाठीवर एक थाप पडते.

पाणी थांबलं. डोल उचलायची वेळ. भिजलेल्या सुताचं ओझं किती असतं हे खांद्याला आता कळतं. सगळे एका तालात ओढतात, आणि तुम्ही ताल चुकवलात तर तुमच्या वाटचं वजन शेजाऱ्याच्या कमरेवर जातं. खोळा वर येतो, गाठ सुटते, आणि मचव्याच्या तळावर बोंबील, मांदेली, कोळंबी, जवळा यांचा चकाकता ढीग ओतला जातो. तुम्ही आनंदाने दोन्ही हात त्यात घालायला वाकता.

"हात मागं!"

ढिगातून चपट्या शेपटीचा एक समुद्री साप सरकतो. डोलीत असे साप येतात, आणि त्यांचं विष जहाल असतं. एक खलाशी काठीने त्याला उचलून पाण्यात सोडतो. त्याच्याखाली शिंगाळा तडफडतो आहे: पाठीवर एक काटा, दोन्ही पाखांशी एकेक, तिन्हींना करवतीसारखे दात आणि विष. पलीकडे पाकट, तिचा काटा शेपटीवर. आणि फुगलेला केंड. तो खाल्ला तर माणूस मरू शकतो, म्हणून तो सरळ दर्यात. आधी बघायचं, मग काठीने पसरायचं, मग हात घालायचा. पुढे कधी शिंगाळ्याचा किंवा पाकटीचा काटा लागलाच, तर आजचे डॉक्टर काय सांगतात तेही ऐकून ठेवा: हात किंवा पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात धरायचा, कारण हे विष उष्णतेने निष्प्रभ होतं, आणि काट्याचा तुकडा आत राहिला असेल तर दवाखाना गाठायचा. उथळ पाण्यात चालताना पाय उचलून टाकू नका, वाळूत घासत न्या, म्हणजे वाळूत दबून बसलेली पाकट आधीच सरकते.

भरती लागते. दुपारी खारा वारा शीड भरतो आणि मचवा चढत्या पाण्याबरोबर थळला टेकतो. तुम्हाला वाटतं काम संपलं. किनाऱ्यावर उभ्या असलेल्या बायकांच्या दृष्टीने ते आता सुरू झालं आहे. बोंबलाच्या अंगात पाणीच जास्त. उन्हात तासभर पडला तरी मऊ पडतो. मामी ढिगावर एक नजर टाकते आणि वाटे सांगते: हा बाजाराला, हा वाळवायला, हा घरी. वाळवायचे बोंबील जोडीजोडीने, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून, वलांडीच्या दोरांवर चढतात. तुमची तांबोशी तुम्ही रात्रभर मचव्याच्या कोपऱ्यात जपली, सकाळच्या उन्हात झाकायची मात्र राहून गेली. मामी तिच्या कल्ल्याचं झाकण उचलून बघते, आतला रंग उडालेला. ती काही बोलत नाही, नुसती ती बाजाराच्या पाटीतून उचलून घरच्या पाटीत टाकते. ओलं फडकं आणि सावली यांच्याशिवाय मासा धरण्यात अर्थ नाही, हे पुढच्या वेळी तुम्हाला कुणी सांगावं लागणार नाही.

आता नऊ वर्षं पुढे चला. १७ जुलै १९४७, आषाढ अमावास्येच्या तोंडावरची सकाळ. पावसाळ्यात मचवे वर ओढलेले असतात; नारळी पौर्णिमेला नारळ दिल्याशिवाय मासेमारीला खोल दर्यावर जायचं नाही, हा नेम तुमच्या अंगात मुरला आहे. भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली रामदास ही प्रवासी बोट काशाच्या खडकाजवळ लाटेने कलते. घाबरलेली माणसं एका बाजूला धावतात, आणि ती उलटते. सहाशेहून अधिक माणसं बुडाली. रेवसहून मासळी घेऊन निघालेल्या कोळ्यांच्या होड्यांनी पाण्यात तरंगणारी माणसं उचलली. तुम्ही त्यातल्या एका होडीत आहात. कुणाचा तरी हात होडीची कड पकडतो आणि तुम्ही उठून तिकडे झेपावू पाहता. त्याच क्षणी तुम्हाला मचव्यातली बैठक आठवते. एकाने ओढायचं, बाकीच्यांनी दुसऱ्या बाजूला वजन टाकून बसायचं. होडी तरते, आणि म्हणून माणूस वर येतो. दया आली तरी उठून उभं राहायचं नाही, हे शिकणं फार कठीण आहे. कोळ्यांनी त्या दिवशी जे केलं त्याचा जेवढा गौरव व्हायला हवा होता तेवढा झाला असं मला वाटत नाही.

पुढची वर्षं भराभर जातात. मचव्यांना इंजिनं बसतात, सुताच्या जाळ्यांची जागा नायलॉन घेतं. नायलॉन कुजत नाही, काढ्यात बुडवावं लागत नाही. आणि तुटून तळाला राहिलं तर वर्षानुवर्षं मासे मारत राहतं. वाऱ्याचं बंधन सुटल्यावर थांबण्याचंही सुटतं. १९८१ मध्ये राज्याला सागरी मासेमारीचा कायदा करावा लागला. आज १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. २०२३ मध्ये पापलेट हा राज्य मासा ठरला, आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवली गेली, त्याहून लहान मासा धरायचा नाही. मामाच्या डोलीतही बारीक पिल्लं येत. ती धरू नयेत असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं, कारण दर्यात तेव्हा ती पुष्कळ होती. हा धडा त्याच्या पिढीने दिला नाही, तो तुम्हाला स्वतः घ्यावा लागेल.

आणि आता तुम्ही आजच्या तारखेत आहात. तुमच्या हातात कार्बनचा दांडा आहे, रीळ आहे, मोबाइलवर भरतीचं वेळापत्रक आहे. हैदराबादची इन्कॉइस संस्था लाटांचा अंदाज देते, मासा कुठे असेल तेही सांगते. शनिवार-रविवारी कोकणातल्या खडकांवर तुमच्यासारखे शेकडो हौशी लोक उभे असतात. यातलं बरंच काही मामाकडे नव्हतं. पण तो पाण्यात पाय टाकण्याआधी किनाऱ्यावर बराच वेळ नुसता उभा राहायचा, आणि तुम्ही गाडीतून उतरल्या उतरल्या खडकाच्या टोकाला जाता.

म्हणून एवढं करा. खडकावर चढण्याआधी पंधरा मिनिटं लाटा बघा. मोठी लाट मधूनच येते, आणि जो खडक ओला आहे तिथपर्यंत ती पोचते. हिरव्या शेवाळ्यावर पाय टाकू नका आणि समुद्राकडे पाठ करून उभे राहू नका. भरती लागली की मागची वाट बुडते. अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीत चालत गाठता येतो आणि उशीर केला तर माणूस तिथेच अडकतो, तसंच खडकांचं. तिथी आठवा, पाऊणपट करा, वेळापत्रकाशी ताडून बघा. जवळच्या बंदरावर जाळं शिवत बसलेल्या माणसाला आज पाणी कसं आहे ते विचारा, आणि तो "नको" म्हणाला तर परत जा. लहान मासा सोडून द्या, तुटलेली दोरी गुंडाळून घरी न्या, होडीत असाल तर लाइफ जॅकेट अंगातच असू द्या. समुद्रात कुणी संकटात दिसलं, तर तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४ आहे.